भाऊ दाजींचे संग्रहालय आणि कलावंतांचे भाष्य

१

संग्रहालयात ठेवलेल्या वस्तूचे नित्याचे काम सुटलेले असते. तेथील समईत कोणी तेल घालीत नाही, तेथील घागरीला पाण्याचा स्पर्श होत नाही, आणि तेथील तलवार पाहून कोणाला भय वाटत नाही. वस्तू राहते, तिचा व्यवहार सरतो. असे असता आजचा चित्रकार किंवा शिल्पकार अशा वस्तूंपुढे उभा राहून त्यांना उद्देशून नवी कृती निर्माण करतो, तेव्हा तो नेमके काय करीत असतो? तो जुन्याची नक्कल करतो, त्याचा उपहास करतो, त्याच्या आडून स्वतःचीच कथा सांगतो, की त्या वस्तूत दडलेले आणि आजवर कोणी न ऐकलेले असे काही आपल्याला ऐकवितो? गेल्या काही दशकांत आपल्या देशात आणि परदेशांतही अशा कृतींची संख्या वाढली असल्यामुळे या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे झाले आहे. आणि तो केवळ चित्रशिल्पांच्या जाणकारांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकांनी स्वस्थ बसावे, असे आम्हांस वाटत नाही. कारण जुन्या कृतीला उद्देशून नवी कृती करणे ही गोष्ट चित्रशिल्पांच्या क्षेत्रात आज नवी वाटत असली, तरी मराठी वाङ्मयाला ती मुळीच नवी नाही. आपल्या वाङ्मयाचा पायाच अशा एका भाष्यावर उभा आहे.

या विचारासाठी आम्ही जे मुख्य उदाहरण निवडले आहे ते मुंबईतील भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे होय. गोमंतकीय वाचकाला, त्यातही पेडणे तालुक्यातील वाचकाला, हे नाव परके नाही. रामकृष्ण विठ्ठल लाड, ऊर्फ भाऊ दाजी, यांचा जन्म १८२२ च्या सुमारास आमच्या पेडण्यातील मांद्रे गावी झाला. पेडणे महाल पोर्तुगीज अंमलाखाली जाऊन तेव्हा उणीपुरी चाळीस वर्षेही झाली नव्हती. बालपणीच मुंबईस गेलेला हा मुलगा पुढे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये पदवीधर होऊन बाहेर पडला, निष्णात धन्वंतरी म्हणून नावारूपास आला, दोन वेळा मुंबईचा नगरपाल झाला, आणि या सर्व व्यापातून वेळ काढून शिलालेख, ताम्रपट व नाणी यांचे वाचन करीत राहिला. मुंबईत लोकांच्या वर्गणीतून संग्रहालयाची इमारत उभी करावी म्हणून १८५८ मध्ये जी खटपट सुरू झाली, तिच्यात डॉ. बर्डवुड यांच्या बरोबरीने भाऊ दाजी अग्रभागी होते. १८६२ मध्ये कोनशिला बसली आणि १८७२ च्या मे महिन्यात ही वास्तू लोकांना खुली झाली. पुढे दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, भाऊ दाजी निवर्तले. या संग्रहालयाचे मूळचे नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम असे होते. ते बदलून भाऊ दाजींचे नाव देण्यात आले ते १९७५ मध्ये. इमारतीचा जीर्णोद्धार होऊन ती २००८ मध्ये पुन्हा खुली झाली, आणि त्यानंतर तेथे आजच्या कलावंतांना बोलावून, संग्रहाशी नाते सांगणारी नवी कामे त्यांच्याकडून करवून घेण्याचा एक उपक्रम सुरू झाला. २०१० मध्ये सुदर्शन शेट्टी यांच्या प्रदर्शनाने त्याचा आरंभ झाला आणि पुढे जितीश कल्लाट, एल. एन. तल्लूर, रंजनी शेट्टर, अतुल डोडिया अशा अनेकांची कामे तेथे मांडली गेली.

नव्या कलावंताने जुन्या संग्रहास उत्तर देणे ही कल्पना अलीकडची व परदेशातून आलेली आहे, असा एक समज आढळतो. या एकाच संग्रहालयाचा पूर्ववृत्तांत पाहिला तरी हा समज टिकत नाही. भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांचे वाचन केले आणि त्यावरील त्यांचा निबंध १८६३ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. पुढे १८७२ पासून जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याच लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास प्रारंभ केला, आणि ते काम १८८५ पर्यंत चालले. त्याच सुमारास त्याच शाळेत टेरी यांच्या देखरेखीखाली मातीची झिलईदार भांडी तयार होऊ लागली, आणि अजिंठ्याच्या भिंतींवरील वेलबुट्टी व आकृती त्या भांड्यांच्या अंगावर उतरल्या. आज तशी भांडी भायखळ्याच्या संग्रहालयात आहेत. म्हणजे भिंतीवरील चित्र, त्या भिंतीवरील अक्षरांचे वाचन, चित्राची प्रतिकृती, प्रतिकृतीतून निघालेले भांडे, आणि आता त्या भांड्यापुढे उभा असलेला आजचा कलावंत, अशी ही सरळ मालिका लागते. हिच्यातील प्रत्येक जण आपल्या आधीच्यास उत्तरच देत होता. तेव्हा उत्तर द्यावे की न द्यावे हा वादाचा विषय होऊ शकत नाही. ते कोणत्या प्रतीचे आहे, हे पाहणे एवढेच समीक्षकाचे काम उरते.

२

प्रत ठरवावयाची तर काही कसोटी हवी. ती बाहेरून आणण्याचे कारण नाही. आमच्या घरातच ती आहे. ज्ञानेश्वरी हे गीतेवरील भाष्य होय. ते लिहिताना आपण पूर्वसूरींच्या आधाराने चाललो आहोत असे ज्ञानेश्वर नम्रपणे सांगतात. आणि असे सांगूनही जे मूळ ग्रंथात अस्फुट आहे ते आपल्या दृष्टांतांनी असे प्रकट करतात की, ज्ञानेश्वरी वाचलेल्या माणसाला गीता पूर्वीसारखी वाचताच येत नाही. उलट पक्षी, ज्याला गीतेतील एकही श्लोक पाठ नाही असा वारकरीदेखील ज्ञानेश्वरीत रमतो. या एका उदाहरणातून भाष्याच्या दोन अटी निघतात. भाष्याने आपल्याला मुळाकडे परत पाठविले पाहिजे, ही पहिली. आणि मूळ समोर नसतानाही त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे, ही दुसरी. पहिली पाळून दुसरी न पाळणारे ते केवळ टिपण, आणि दुसरी पाळून पहिली न पाळणारी ती केवळ स्वतंत्र कृती. तिने संग्रहालयाचे नाव घेण्याचे प्रयोजन नसते.

कीर्तनाचा दाखला याहूनही जवळचा आहे. बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात, त्याचे निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात आणि शेवटी पुन्हा त्याच अभंगावर येतात. आख्यान कितीही रंगले, श्रोते कितीही हसले वा गहिवरले, तरी अभंगाकडे परतण्याची वाट बुवांना सापडली नाही तर जाणता श्रोता घरी जाताना कुरकुरतोच. आमच्या देवळांतून आजही कीर्तने होतात, आणि ही कुरकुर आम्ही ऐकलेली आहे. तिच्यात आम्हांस खरी समीक्षा दिसते. संग्रहालयातील वस्तू हा पूर्वरंगातील अभंग आणि कलावंताची कृती हा उत्तररंग, असे मानले तर पुष्कळ गोंधळ दूर होईल.

३

ही कसोटी घेऊन आता भायखळ्याच्या संग्रहाकडे वळू. तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. तथापि सामान्य प्रेक्षक जेथे सर्वांत अधिक रेंगाळतो ती जागा म्हणजे मातीच्या लहान लहान आकृत्यांची कपाटे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत, संग्रहालयाचा कारभार जे. जे. कलाशाळेचे प्रमुख बर्न्स व त्यांच्यानंतरचे अभिरक्षक यांच्याकडे असताना, या आकृत्या घडविल्या गेल्या. मुंबई इलाख्यातील निरनिराळ्या जातिजमाती, त्यांचे पोशाख, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे आणि गावगाड्यातील प्रसंग असा त्यांचा विषय. कारागिरी नाजूक आहे. लुगड्याची नेसण, पागोट्याचा पीळ, हत्याराची धरण यांत कोठे कसूर नाही. शाळेच्या मुलांना ती कपाटे फार आवडतात, आणि आवडावीत अशीच ती आहेत.

तरीही थोडा वेळ थांबून पाहणाऱ्याच्या मनात एक अस्वस्थता उत्पन्न होते. या आकृतींना धंदा आहे, जात आहे, वस्त्र आहे, नाव नाही. कोळीण ही सर्व कोळिणींच्या वतीने उभी आहे आणि चांभार सर्व चांभारांच्या वतीने बसला आहे. राज्यकर्त्यांना आपल्या प्रजेची ओळख एका दृष्टिक्षेपात व्हावी, हा या मांडणीचा एक हेतू होता हे उघड आहे. आणि ओळख करून घेणाऱ्याला ज्याची ओळख करून घ्यावयाची त्याच्या नावाची गरज भासली नाही, हेही तितकेच उघड आहे. ही माणसे परकी नव्हेत. कोकणातून आणि गोमंतकातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या आमच्याच आजे-पणज्यांच्या पिढीची ती माणसे. काचेमागे ठेवलेल्या त्या आकृतींत आम्ही आमचे पूर्वज पाहतो आणि त्याच वेळी आमचे पूर्वज कोणा दुसऱ्याला कसे दिसले तेही पाहतो. मातीत हे दोन्ही एकत्र मळलेले आहे.

या कपाटांना सर्वांत मार्मिक उत्तर दिले ते, आमच्या मते, जितीश कल्लाट यांनी. २०११ मध्ये या संग्रहालयात त्यांचे जे प्रदर्शन झाले त्यात ‘अँगर ॲट द स्पीड ऑफ फ्राइट’ या नावाची एक कृती होती. क्रोध भयाच्या वेगाने धावतो, असा काहीसा तिच्या नावाचा आशय. तीत रंगविलेल्या लहान आकृतींचा एक लांबलचक जमाव आहे, आणि हा जमाव दंगलीत सापडलेला आहे. कोणी मारतो आहे, कोणी मार खातो आहे, कोणी पळतो आहे. आकृतींचे माप पाहून कपाटांतील मृण्मय माणसांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जणू तीच माणसे काच फोडून रस्त्यावर आली आहेत.

या कृतीची मार्मिकता केवळ मापाच्या साम्यात असती तर ती एक चतुर कल्पना म्हणून संपली असती. पण ती आपल्याला जुन्या कपाटाकडे परत पाठविते, आणि परत गेल्यावर आपण एक वेगळाच प्रश्न विचारू लागतो. तेथील माणसे इतकी शांत का आहेत? तेथे सूत कातले जाते, भांडे घडते, बाजार भरतो; पण कोणी कोणावर रागावलेले नाही, कोणाच्या चेहऱ्यावर भीती नाही. ज्या शहरात प्लेगाची साथ आली, संप झाले, दंगे झाले, त्या शहराच्या संग्रहालयातील प्रजा केवळ कामात मग्न आहे. ही शांतता त्या माणसांची नव्हती. ती त्यांना मांडणाऱ्याची होती. कल्लाटांची कृती पाहण्यापूर्वी हे आपल्या ध्यानात येत नाही, आणि पाहिल्यानंतर ध्यानातून जात नाही. भाष्याची पहिली अट येथे पुरी झाली.

याच कृतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. जुन्या आकृतींना धंदा होता, मन नव्हते. कल्लाटांच्या आकृतींना आवेग आहे, परंतु धंदा नाही. हातातील हत्यार काम करण्याचे न राहता मारण्याचे झाले आहे. जुना कारागीर माणसाला जातीच्या नमुन्यात बसवितो आणि नवा कलावंत त्याला जमावाच्या नमुन्यात बसवितो. नाव दोघांच्याही माणसाला मिळत नाही. हे कलावंताला अभिप्रेत असेल असे मानावयास जागा आहे, कारण जमावात माणसाचे नाव पुसले जाते हेच त्याला दाखवावयाचे आहे. पण मग जी उणीव जुन्या कपाटात होती ती भरून निघाली नाही, तिचा केवळ रंग बदलला, असेही म्हणता येते. एखाद्या कोळिणीला तिचे नाव, तिचे गाव आणि तिचे मत परत देणारे उत्तर आणखी कोणी द्यावयाचे शिल्लक आहे.

त्याच प्रदर्शनातील ‘सर्का’ ही दुसरी कृती याहून मोठ्या आकाराची. इमारतीच्या दुरुस्तीसाठी बांधतात तशी बांबूंची परांची. मात्र हे बांबू खरे नव्हेत, साच्यातून ओतून काढलेले, एकशे वीस भागांचे. त्यांच्या अंगावर एकमेकांना गिळणारे प्राणी आहेत, आणि ते घेतले आहेत बोरीबंदर स्थानकाच्या दगडी कोरीवकामातून. जीर्णोद्धार पूर्ण होऊन जिची परांची उतरविली त्या वास्तूच्या आतच कलावंताने परांची पुन्हा उभी केली. संग्रहालयाचे काम कधी संपत नसते, भूतकाळाची डागडुजी सतत चालूच राहते, हा त्यातील ध्वनी सुंदर आहे. परंतु येथे दुसरी अट पुरतेपणी पाळली गेली असे आम्हांस वाटत नाही. बोरीबंदरच्या प्राण्यांची ओळख नसलेला प्रेक्षक, बाजूच्या माहितीपत्रकावाचून, त्या नक्षीपाशी अडतो. शिवाय हे उत्तर वास्तूला आहे, वास्तूत ठेवलेल्या वस्तूंना नाही. अभंग न घेता एकदम आख्यान लावावे, तसे काहीसे हे झाले आहे.

४

संग्रहाला उत्तर देताना नवी वस्तू घडविलीच पाहिजे असे नाही. केवळ मांडणी बदलूनही ते देता येते. याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९९२-९३ मध्ये घडले. तेथील ऐतिहासिक संस्थेच्या संग्रहात फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताने ‘मायनिंग द म्युझियम’ नावाची मांडणी केली. एका कपाटात चांदीची नक्षीदार भांडी होती. विल्सन यांनी त्याच कपाटात, त्या भांड्यांच्या शेजारी, गुलामांच्या पायांत घालावयाच्या लोखंडी बेड्या ठेवल्या. आणि चिठ्ठीवर लिहिले एवढेच, की हे १७९३ ते १८८० या काळातील धातुकाम आहे. बेड्याही संस्थेच्या संग्रहातीलच होत्या. चिठ्ठीतील शब्द खरा होता. चांदी आणि लोखंड दोन्ही धातूच. कोठे आक्रोश नाही, आरोप नाही. दोन वस्तू शेजारी येताच त्या एकमेकींविषयी बोलू लागल्या. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे अभिधा संग्रहालयाची आहे आणि व्यंजना कलावंताची. जुन्या संग्रहावर रागावून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्या अनेक कृती त्यानंतर झाल्या. हा संयम त्यांतील थोड्यांनाच साधला.

आमच्या गोमंतकात वास्तव्य करणाऱ्या निखिल चोप्रा यांनी २०१९ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नऊ दिवस राहून जे केले तेही या संदर्भात नमूद केले पाहिजे. ते वेश पालटीत एका दालनातून दुसऱ्या दालनात फिरले आणि मोठ्या कापडावर चित्र काढीत गेले. तेथे उत्तर देणारी वस्तू नव्हती, उत्तर देणारा देह होता. आमच्या दशावतारी नटाला, जो रात्री राजा होतो आणि पहाटे पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट धरतो, ही कल्पना फारशी नवलाची वाटणार नाही. मात्र असे उत्तर पाहणाऱ्यांच्या स्मृतीपुरते उरते. त्याची समीक्षा वृत्तांतावरून करणे हे नाटकाची समीक्षा संहितेवरून करण्यासारखे असल्यामुळे तिच्यात आम्ही अधिक शिरत नाही.

अतुल डोडिया यांचे काम वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. पोरबंदर येथील गांधीजींच्या स्मारकातील लाकडी काचकपाटे पाहून त्यांनी २००२ मध्ये ‘ब्रोकन ब्रँचेस’ ही कपाटांचीच कृती केली होती. म्हणजे कपाट हे वस्तू ठेवण्याचे साधन न राहता स्वतःच काव्यविषय झाले. पुढे भाऊ दाजी लाड संग्रहालयात २०१४-१५ च्या सुमारास त्यांनी जे प्रदर्शन मांडले त्याचे नाव ‘सात हजार संग्रहालये : भारतीय प्रजासत्ताकासाठी एक योजना’ अशा अर्थाचे होते. जर्मनीतील कासेल नगरात योसेफ बॉइस या कलावंताने १९८२ मध्ये सात हजार ओकवृक्ष लावण्याचा संकल्प सोडला होता. त्याचे स्मरण या नावात आहे. वृक्षांच्या जागी डोडिया संग्रहालये कल्पितात, आणि तीही महानगरांतून नव्हे तर देशभरच्या लहान गावांतून. एका संग्रहालयात बसून आणखी सात हजारांचे स्वप्न पाहणे, हे त्या संग्रहालयाला दिलेले मोठे गंभीर उत्तर आहे. ज्या संग्रहालयाने गावाकडच्या माणसाला नमुना म्हणून शहरात आणून ठेवले, त्याच्या छताखाली हा कलावंत म्हणतो की आता संग्रहालयानेच गावाकडे जावे.

५

कल्पनेतील त्या सात हजारांपैकी एक पेडण्यात आणि एक डिचोलीत येईल, असे क्षणभर धरून चालू. त्यांत काय ठेवावयाचे? डिचोलीच्या कासारांची पितळी समई, तेथल्या कुंभारांची मडकी, चतुर्थीसाठी चित्रशाळांतून होणाऱ्या मातीच्या मूर्ती, दशावताराचे मुकुट, कोजागिरीच्या पुनवेला पेडण्यात नाचविली जाणारी रवळनाथ-भूतनाथांची तरंगे. यादी करू लागताच एक गोष्ट लक्षात येते. यांपैकी बहुतेक वस्तूंचा व्यवहार अद्याप सरलेला नाही. समईत तेल आहे. जेथे वस्तू वापरात असते तेथे तिला उत्तर देण्यासाठी वेगळा कलावंत लागत नाही, कारण कासाराने केलेली प्रत्येक नवी समई ही त्याच्या बापाने केलेल्या समईला दिलेले उत्तरच असते. भायखळ्याच्या माणसांची माती आणि आमच्या चित्रशाळेतली माती यांत हाच भेद आहे. एक काचेमागे शंभर वर्षे टिकून राहते आणि तिच्याशी कोणी बोलत नाही. दुसरी दीड दिवसांनी, पाच दिवसांनी पाण्यात विरघळते आणि पुढल्या वर्षी पुन्हा घडते. टिकणे आणि चालू राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संग्रहालय पहिलीची हमी देते, परंपरा दुसरीची. जेथे चालू राहणे खुंटले तेथेच संग्रहालयाची, आणि त्याला बोलते करणाऱ्या कलावंताची, खरी निकड असते.

असे खुंटलेले आमच्याकडे काय आहे, हे विचारले तर आम्ही कावीकलेकडे बोट दाखवू. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन, तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करावयाचा आणि त्यातून देवदेवता, वेली, पक्षी उभे करावयाचे, अशी ही रीत. दोनच रंग, पण त्या दोन रंगांत कोकणची तांबडी माती आणि शिंपल्यांचा शुभ्र चुना यांचा संसार आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील काही जुन्या देवळांच्या भिंतींवर तिचे अवशेष राहिले आहेत. गावोगाव देवळांचे जीर्णोद्धार झाले आणि होत आहेत; भाविकांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु चकचकीत लाद्या आणि तैलरंग यांखाली या भिंती गेल्या आणि जात आहेत. येथे कपाट नाही, काच नाही, चिठ्ठी नाही. भिंत हेच संग्रहालय, आणि ते एका सुटीच्या आठवड्यात नाहीसे होऊ शकते.

आमचे काही चित्रकार आज कावीच्या रेषेकडे पुन्हा वळले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. त्यांच्या कृतींनाही आम्ही वर सांगितलेल्या दोन्ही अटी लावू. कावेचा तांबडा रंग आणि दोन-चार वेली कॅनव्हासवर उतरवून घेतल्याने कावीला उत्तर दिले असे होत नाही. ती अलंकारापुरती उसनवारी होते. भिंत खरवडणाऱ्या त्या कारागिराने अमुक रेषा का सोडली, देवीच्या शेजारी बंदूकधारी शिपाई का काढला, ओल्या चुन्याने त्याला किती अवधी दिला, या प्रश्नांची झळ नव्या चित्राला लागली पाहिजे. आणि ते पाहून झाल्यावर गावच्या देवळाची जुनी भिंत एकदा पाहून यावी, असे प्रेक्षकाला वाटले पाहिजे. तसे वाटले, तर ती भिंत पाडण्याचा ठराव समितीपुढे येईल तेव्हा हात वर करण्यापूर्वी एखादा सभासद थबकेल. कलावंताच्या भाष्याकडून याहून मोठी अपेक्षा आम्ही करीत नाही, आणि ही अपेक्षा लहानही नव्हे.

या अकादमीचे पुष्कळ सभासद शिक्षक आहेत, म्हणून एक सूचना करून हा लेख पुरा करतो. वर्गाला संग्रहालयात किंवा देवळात नेले म्हणजे आपण मुलांना माहिती उतरवून घ्यावयास सांगतो. वस्तूचे नाव, काळ, स्थळ, एवढे वहीत उतरले की सहल सार्थकी लागली असे मानतो. त्याच्या जोडीला प्रत्येक मुलाने एक वस्तू निवडून तिला उद्देशून काही करावे: चित्र काढावे, चार ओळी लिहाव्यात, घरी अशी वस्तू होती का ते आजीला विचारून यावे. पेडण्याच्या भगवतीच्या देवळापुढे दोन दगडी हत्ती आहेत. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीहून आणलेला एक दगडी हत्ती उभा आहे. एक हत्ती आपल्या जागी राहिला, दुसऱ्याला जागा सोडावी लागली. पाचवीतल्या मुलाला हे नुसते सांगितले, आणि घारापुरीचा हत्ती पेडण्याच्या हत्तींना काय विचारील ते लिहून आण म्हटले, तर जे हाती येईल ते भाष्यच असेल.

त्याआधी मात्र त्या मुलाला पेडण्याचे हत्ती नीट पाहावे लागतील, मोजावे लागतील, त्यांच्या अंगावरची झूल आणि साखळी वहीत काढावी लागेल. भाऊ दाजींची पद्धत हीच होती. दुसऱ्यांनी केलेल्या नकलांवर विसंबून त्यांनी शिलालेखांचे अर्थ लावले नाहीत. पंडित भगवानलाल इंद्रजींसारखा माणूस प्रत्यक्ष स्थळी पाठवून अक्षरन् अक्षर पुन्हा उतरवून घेतले, आणि मग अर्थाला हात घातला. मांद्र्याच्या या सुपुत्राच्या नावाने चालणाऱ्या संग्रहालयात जे कलावंत उत्तर देण्यास येतात, आणि उद्या आमच्या भिंतींना, समयांना व तरंगांना जे उत्तर देतील, त्यांच्याकडे आमचे मागणे याच क्रमाचे आहे.